शून्य पूर्णांक एक टक्का: जपानच्या कर्जाची खरी किंमत

माझे मामा पस्तीस वर्षं बँकेत होते, त्यातली निम्मी कर्ज विभागात. मुंबईची मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली तेव्हा आम्ही दोघं कफ परेडपासून आरेपर्यंत नुसतंच जाऊन आलो. परतताना मामांनी फोनवरचा एक फॉरवर्ड दाखवला: बुलेट ट्रेनसाठी जपानने ०.१ टक्के व्याजाने पन्नास वर्षांचं कर्ज दिलंय, म्हणजे जवळजवळ फुकटच. त्याखाली कुणीतरी तावातावाने लिहिलं होतं, फुकट कसलं, नातवंडांच्या डोक्यावर बोजा आहे हा.

मामा म्हणाले, "अरे, पॉइंट वनने कर्ज देणारा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. असा देणारा एकतर सोयरा असतो, नाहीतर त्याचा डोळा कर्जदाराच्या जमिनीवर असतो."

संशय कर्ज विभागाला शोभेल असाच होता. जपान आपला सोयरा नाही आणि त्याचा डोळा आपल्या जमिनीवरही नाही. पण काहीतरी हवंय हे मामांनी बरोबर हेरलं. ते काय, आणि या कर्जाची खरी किंमत कुठे दडलेली असते, हे पाहायचं तर आधी थोडी आकडेमोड करावी लागेल.

८८ कोटी की ६,१६० कोटी?

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या खर्चाचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपये होता. त्यातला सुमारे ८१ टक्के भाग, म्हणजे साधारण ८८,००० कोटी, जपानच्या कर्जातून यायचा. मुदत ५० वर्षं, आणि पहिली १५ वर्षं मुद्दलाला हात लावायचा नाही.

८८,००० कोटींवर ०.१ टक्का म्हणजे वर्षाला ८८ कोटी. केंद्र सरकारने हीच रक्कम देशात रोखे विकून सात टक्क्यांनी उचलली असती, तर वर्षाचं व्याज ६,१६० कोटी झालं असतं. प्रत्यक्षात सगळी रक्कम एकदम हातात येत नाही, काम होईल तसे हप्ते सुटतात, त्यामुळे दोन्ही आकडे कागदावरचे आहेत. पण फरक किती मोठा आहे ते लक्षात येतं.

मुदतीचा फायदा वेगळाच. मामांचा पहिला पगार हजाराच्या आत होता आणि तेव्हा काढलेलं पाच हजारांचं कर्ज त्यांना डोंगराएवढं वाटायचं. आज तेवढ्यात त्यांच्या घरचं महिन्याचं वाणसामान येत नाही. पन्नास वर्षांनी परत करायचे शंभर रुपये आजच्या शंभराइतके जड नसतात.

अशा व्यवहाराला अधिकृत विकास सहाय्य म्हणतात: एका सरकारने दुसऱ्या देशाच्या विकासासाठी बाजारापेक्षा बऱ्याच सवलतीत दिलेला पैसा. तो अनुदान म्हणून मिळतो, तज्ज्ञ आणि प्रशिक्षणाच्या रूपाने मिळतो किंवा स्वस्त कर्ज म्हणून मिळतो. जपानकडून भारताला येतो तो मुख्यतः कर्ज म्हणून, आणि तो देणारी सरकारी संस्था म्हणजे जायका. दिल्ली मेट्रो, मुंबईची मेट्रो ३, शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू, सगळीकडे तिचं कर्ज आहे.

हप्ता येनमध्ये आहे, हे विसरू नका

बहुतेक फॉरवर्ड इथेच घसरतात. कर्ज येनमध्ये मिळतं आणि फेडायचंही येनमध्येच. मेट्रोचं तिकीट मात्र रुपयांत विकलं जातं. म्हणजे दर हप्त्याला कुणीतरी रुपये देऊन येन विकत घ्यायचे.

१९९० मध्ये एका येनला साधारण १२ पैसे पडत. २००७ मध्ये ३५ पैसे. २०१२ मध्ये ६७ पैसे. समजा, २००७ मध्ये तुम्ही शंभर येन उचलले, म्हणजे ३५ रुपये हातात आले. व्याज शून्य धरा. तरी पाच वर्षांनी ते शंभर येन परत करायला ६७ रुपये लागले. व्याजाच्या रकान्यात शून्य, आणि मुद्दल जवळजवळ दुप्पट.

याच्या उलटही घडतं. २०१२ नंतर येन घसरला आणि २०२४ मध्ये सरासरी ५५ पैशांच्या आसपास होता. ज्याने ६७ च्या भावाने उचलले, त्याचं मुद्दलच कमी झालं. कुणी २०१५ ते २०२४ एवढाच काळ घेऊन सांगेल की येनचा भाव जागचा हललाच नाही, तर तेही खोटं नाही. सोयीचा काळ निवडला की येन हवा तसा दिसतो.

लांबचा पल्ला धरला तर? १२ पैशांवरून ५५ पैसे, चौतीस वर्षांत. सरासरी काढली तर येन रुपयाच्या तुलनेत वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास महागला. हाच कल पुढे चालू राहिला (राहीलच असं नाही), तर ०.१ टक्क्याचं कर्ज आपल्याला प्रत्यक्षात साडेचार-पाच टक्क्यांना पडेल. सात टक्क्यांपेक्षा ते स्वस्तच आहे. फुकट मात्र नाही. जाहिरातीत छापायला ०.१ बरा दिसतो, एवढंच.

मग जपान देतो तरी का?

पहिलं कारण अगदी कोरडं आहे. जपानमध्ये पैसा स्वतःच स्वस्त होता. तिथल्या मध्यवर्ती बँकेने १९९९ मध्ये व्याजदर शून्यावर आणला, आणि २०१६ ते मार्च २०२४ या काळात तर तो शून्याच्याही खाली होता. ज्या देशात ठेवीवर काहीच मिळत नाही, तिथे ०.१ टक्का हा काही मोठा त्याग नव्हे. २०२४ नंतर तिथले दर वर सरकले आहेत, त्यामुळे नव्या करारांत तळाचे जुने दर मिळतील अशी आशा धरू नये.

दुसरं कारण जुनं आहे. जपानने परदेशाला येनमध्ये दिलेलं पहिलं कर्ज १९५८ चं, आणि ते घेणारा देश भारत. युद्धात बेचिराख झालेल्या जपानला तेव्हा पोलादासाठी लोहखनिज हवं होतं आणि यंत्रं खपवायला गिऱ्हाईक हवं होतं. भारताला कारखान्यांसाठी यंत्रं हवी होती आणि परकी चलनाचा खडखडाट होता. पुढे छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचं खनिज विशाखापट्टणमच्या बंदरात नेणाऱ्या रेल्वेमार्गालाही जपानचं साहाय्य झालं. गरज दोघांनाही होती, आणि ती कुणी लपवली नाही.

गंमत म्हणजे त्याच सुमारास जपान स्वतः कर्ज काढत होता. टोकियो–ओसाका शिंकान्सेन, म्हणजे जगातली पहिली बुलेट ट्रेन, जागतिक बँकेच्या ८ कोटी डॉलरच्या कर्जाचा आधार घेऊन बांधली गेली. कर्ज १९६१ चं, गाडी धावली ऑक्टोबर १९६४ मध्ये. जागतिक बँकेच्या कर्जाचा शेवटचा हप्ता जपानने १९९० मध्ये फेडला. जपानी अधिकारी अनुदानापेक्षा कर्जाला झुकतं माप देतात त्यामागे हा अनुभव आहे: फेडायचं असलं की माणूस प्रकल्प जपून निवडतो. मामांना हे फार पटलं. "फुकट दिलेल्या शेळीला कुणी चारा घालत नाही," ते म्हणाले.

तिसरं कारण आजचं आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये इंडोनेशियाने जकार्ता–बांडुंग वेगवान रेल्वेचं काम जपानऐवजी चीनला दिलं. इंडोनेशियाला सरकारी हमी द्यायची नव्हती आणि चीनने ती मागितली नाही. जपानच्या ते जिव्हारी लागलं. तीनच महिन्यांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, दिल्लीत भारत-जपान बुलेट ट्रेनचा करार झाला. शिंकान्सेन तोवर जपानबाहेर फक्त तैवानमध्ये धावत होती. दुसरं मोठं गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. अशा वेळी आपल्याला अटी मऊ करून घेता आल्या असतील तर त्याचं श्रेय थोडं चीनलाही द्यायला हवं.

आणखी एक. १९७९ पासून जपानने खुद्द चीनला तीन लाख कोटी येनहून अधिक सवलतीचं कर्ज दिलं, आणि २००७ नंतर नवं देणं थांबवलं. २००३ च्या सुमारास जपानची ही कर्जं घेणारा सगळ्यांत मोठा देश भारत झाला होता. हा योगायोग नाही.

मैत्रीचं काय? कागदावरच का?

नाही, पण मैत्रीलाही तापमान असतं. १९५२ मध्ये भारताने जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवर पाणी सोडलं. जपानमध्ये ते अजून आठवतात. त्याआधी १९४९ मध्ये टोकियोच्या मुलांनी मागितला म्हणून नेहरूंनी एक हत्ती पाठवला होता, इंदिरा नावाचा. उएनोच्या प्राणिसंग्रहालयात ती हत्तीण १९८३ पर्यंत होती.

१९९१ मध्ये आपल्याकडे काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकी चलन उरलं, तेव्हा सुमारे ४७ टन सोनं गहाण ठेवून पैसा उभा केला. देणाऱ्या दोन बँका होत्या: बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान. मदत झाली, पण तारण घेऊन. मित्र असला तरी बँक ती बँकच.

आणि मे १९९८. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर जपानने नवी अनुदानं आणि नवी कर्जं गोठवली. अणुबॉम्ब सोसलेल्या देशाला ते गिळणं शक्य नव्हतं. चालू प्रकल्पांचे पैसे मात्र थांबले नाहीत, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये बंदी उठली. माझ्या मते या साऱ्या नात्यात समजून घेण्यासारखी गोष्ट हीच. राजकीय मतभेद झाले तर नवं कर्ज मिळणार नाही, पण अर्ध्यावर आलेला पूल तसाच लटकत ठेवला जाणार नाही. अशा सवयी करारात लिहिता येत नाहीत. त्या वर्षानुवर्षांच्या वागण्यातून कळतात.

"पैसा त्यांचा, कंत्राटं त्यांची, मग आपलं काय?"

हा आक्षेप खरा आहे, अर्धा. जायकाची काही कर्जं विशेष अटींची असतात: मुख्य कंत्राटदार जपानी हवा आणि किमान ३० टक्के माल-सेवा जपानमधून घ्यायची. व्याज आणखी कमी, पण दुकान ठरलेलं. दुकान ठरलं की घासाघीस करायला जागा कमी उरते, आणि व्याजात वाचवलेले पैसे किमतीत जाऊ शकतात.

काही कर्जं मात्र खुली असतात. अटल सेतूचंच पाहा. एका भागाचं काम एल अँड टी आणि जपानच्या आयएचआयने केलं, तर दुसऱ्या भागाचं टाटा प्रोजेक्ट्स आणि दाएवूने. दाएवू ही कोरियाची कंपनी. जपानच्या पैशावर, जपानच्या स्पर्धकाने मुंबईच्या खाडीत खांब रोवले. बुलेट ट्रेनच्या गुजरातमधल्या २३७ किलोमीटरच्या सलग पट्ट्याचं बांधकाम एल अँड टीकडे गेलं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये २८० किलोमीटर वेगासाठी आखलेल्या दोन गाड्यांची ऑर्डर बंगळूरूच्या बीईएमएल या सरकारी कंपनीला मिळाली, जरी सगळी आखणी शिंकान्सेनची होती तरी. म्हणजे वाटाघाटी करार झाल्यावरही चालूच राहतात.

फेडायचं कुणी: दिल्लीने की मुंबईने?

राज्यघटनेच्या कलम २९३ प्रमाणे राज्यं फक्त देशातूनच कर्ज काढू शकतात. त्यामुळे परदेशी कर्ज आधी केंद्राच्या नावावर येतं. २००५ पासून केंद्र ते बहुतेक राज्यांना आलं तसं पुढे सरकवतं: तोच दर, तीच मुदत आणि चलनाची तीच जोखीम. मधला दलाल म्हणून केंद्र काही कमावत नाही, पण येन महागल्याचा फटकाही आपल्या अंगावर घेत नाही.

याला एक अपवाद काढला गेला तो आपल्याच दारात. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की आर्थिकदृष्ट्या भक्कम असलेल्या राज्य संस्थांना अशा परदेशी संस्थांकडून थेट कर्ज घेता येईल. पहिली मानकरी एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण, अटल सेतूसाठी. केंद्र जामीन, आणि केंद्राला उलट हमी राज्याची. मामांना हे एका वाक्यात कळलं: "पोराने कर्ज काढलं, बापाने सही केली, आणि बापाने पोराकडून चिठ्ठी लिहून घेतली."

सेतूचा टोल हा त्याच हिशेबाचा भाग आहे. टोल महाग वाटतो तेव्हा तो कुठे जातो हे माहीत असलेलं बरं.

आपला श्रीलंका होईल का?

श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराचं नाव निघतंच. आधी एक गैरसमज: ते बंदर कर्जापोटी जप्त झालं नव्हतं. परकी चलनाची चणचण होती म्हणून श्रीलंकेने २०१७ मध्ये ते चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाड्याने दिलं. सुमारे ११२ कोटी डॉलर आले, आणि बंदराचं कर्ज डोक्यावर तसंच राहिलं. पहिल्या टप्प्याच्या कर्जाचा दर ६.३ टक्के होता. श्रीलंका बुडाली ती सगळ्या बाजूंनी महागडं उचलून, आणि डॉलर मिळवून देणार नाहीत अशा गोष्टींवर उधळून.

आपली तुलना दोन कारणांनी जुळत नाही. जायकाच्या कर्जाला पूल किंवा रूळ तारण नसतात, मागे उभी असते ती सरकारची पत. आणि भारताच्या एकूण कर्जात परकी सरकारांचा वाटा अगदी किरकोळ आहे; आपण मुख्यतः आपल्याच लोकांचे देणेकरी आहोत. योग असा की २०२३ मध्ये श्रीलंकेच्या कर्जाची फेररचना करायला धनको देशांची समिती बसली तिच्या अध्यक्षपदी तिघं होते: फ्रान्स, जपान आणि भारत. कारण भारत नुसता घेणारा नाही. भूतानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेला आपण १०,००० कोटी रुपये जाहीर केले, आणि त्याच्या जलविद्युत प्रकल्पांना दिलेल्या आपल्या अलीकडच्या कर्जांचा दर १० टक्क्यांपर्यंत होता. थिंपूतला एखादा मामाही आपल्याबद्दल डोळे बारीक करून हेच प्रश्न विचारत असणार.

खरी गळती: उशीर आणि देखभाल

मेट्रो ३ चा मूळ अंदाज २३,१३६ कोटी होता. गाडी पूर्ण धावेपर्यंत तो ३७,००० कोटींच्या वर गेला. मधल्या वर्षांत कारशेड आरेतून कांजूरमार्गला गेली आणि परत आरेत आली. कोर्टकचेऱ्या, आंदोलनं, सरकारं बदलली. आरेच्या झाडांबद्दल कुणाची बाजू खरी हा वेगळा विषय आहे. पण वाढलेले चौदा हजार कोटी पाहिले की व्याजदरातल्या अर्ध्या-पाव टक्क्याची चर्चा लहान वाटू लागते. बुलेट ट्रेनचंही तेच: मूळ मुहूर्त २०२३ चा, आता सुरत–बिलिमोरा हा पहिला तुकडा ऑगस्ट २०२७ चा धरलाय.

जमिनीबद्दल एवढंच: कर्ज देताना पुनर्वसन आणि पर्यावरणाच्या लेखी अटी असतात, आणि बाधित माणूस थेट जायकाकडे तक्रार करू शकतो. पालघरच्या किती शेतकऱ्यांना हे माहीत होतं, देव जाणे.

देखभालीचा धडा पाहायचा तर अजिंठ्याला जा. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी १९९० च्या दशकापासून दोन टप्प्यांत जपानचं कर्ज आलं. लेण्यांची डागडुजी झाली, फर्दापूरजवळ गाड्या थांबवून बसने वर जायची सोय झाली, औरंगाबादच्या विमानतळाला नवी इमारत मिळाली. लेण्यांचा धूर आणि गर्दीपासून बचाव झाला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच पैशात मोठी पर्यटक केंद्रंही उभी राहिली, आत लेण्यांच्या प्रतिकृती वगैरे. काही वर्षांनी वीज-पाण्याची बिलं थकल्यामुळे ती बंद पडल्याच्या बातम्या आल्या. इमारत उभारायला टोकियोतून पैसा येतो, पण तिथल्या दिव्याचं बिल टोकियो भरत नाही. हप्ता मात्र पर्यटक केंद्र चालू असो की बंद, येनमध्ये जातोच.

आम्ही हे सगळं बोलत घरी आलो. मामांनी जुन्या सवयीने पाकिटाच्या मागच्या बाजूवर आकडे मांडले. बुलेट ट्रेनच्या कर्जाचा पहिला करार सप्टेंबर २०१८ चा. अधिक पंधरा, २०३३: मुद्दल सुरू. अधिक पन्नास, २०६८: त्या भागाचा शेवटचा हप्ता. आत्ता दुसरीत असलेली त्यांची नात तेव्हा पन्नाशी गाठेल. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"व्याजाचं राहू दे," ते म्हणाले. "आज येन कितीला आहे ते बघ."